तांदळात लिहायचं नाव

आई,

माझं लग्न ठरलंय. मुलगी नर्स आहे, तुझ्यासारखीच पूर्ण कोर्स केलेली, नोंदणी झालेली. तुझ्याबरोबर शिकलेली तुझी मैत्रीण, जिला मी मावशी म्हणतो, तिच्या दिराची ही मुलगी. लग्न पुढच्या महिन्यात आहे, मखमलाबादला, आपल्याच अंगणात. मी इथून, मस्कतहून, तीन आठवड्यांची सुट्टी काढून येणार आहे. मांडव ठरला, आचारी ठरला. एकच गोष्ट अडली होती. नवरी घरात आली की ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं तिचं नवीन नाव लिहायचं असतं, ते नाव. आत्यानं फोनवर मला एका दमात तीन नावं सांगितली. मी म्हटलं, "आत्या, तिला नाव आहे की." तर म्हणाली, "ते म्हायेरचं. आपल्या घरात सुनेचं नाव बदलत्यात, तुझ्या आयचंबी बदललं व्हतं. तू काय नवीन कायदा काढतो का?" आत्या बोलायला लागली की फोनचं कार्ड संपतं, तिचं बोलणं संपत नाही.

पण हे नाव माझ्यासाठी साधं राहिलेलं नाही, म्हणून तुला लिहितोय. त्या मुलीला इथल्याच दवाखान्यात स्टाफ नर्सची नोकरी मिळालीय. इथली परीक्षा ती पास झाली, नाशिकमधल्या दोन वर्षांच्या अनुभवाचा दाखला दिला, लग्नानंतर दोन महिन्यांत तिला हजर व्हायचंय. तिची नोंदणी, मार्कशीट, पासपोर्ट, सगळं तिच्या आत्ताच्या नावावर आहे. लग्नाच्या दाखल्यावर दुसरं नाव आलं, तर इथं आम्हाला एका घरात राहायची परवानगी मिळताना ही बाई कोण आणि ती बाई कोण, हे विचारणार. मग ते कागद नाशिक, मुंबई, मस्कत असे फिरत बसणार आणि जागा दुसरीला जाणार. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी हे आपल्या घरात एकदा पाहिलेलं आहे.

मी इथं नर्सची बस चालवतो. होस्टेलपासून दवाखान्यापर्यंत, दिवसातून सहा फेऱ्या. बहुतेक मुली केरळच्या, थोड्या फिलिपिन्सच्या. बसमध्ये पगाराशिवाय दुसरा विषय नसतो. कुणाचं बेसिक किती, कुणाला आयसीयूचा भत्ता, कोण आणखी चार वर्षांनी इन्चार्ज होणार, कोण इंग्रजीची परीक्षा देऊन लंडनला पळणार. सुरुवातीला मला हसू यायचं. वाटायचं, या पोरी पेशंटबद्दल कधी बोलतच नाहीत. मग एकदा माझ्या मागच्या सीटवर एक मुलगी दुसरीला म्हणाली की गावाकडच्या दवाखान्यात मी सात वर्षं काम केलं आणि माझ्याकडून शिकलेल्या मुलीला माझ्याइतकाच पगार होता, तेव्हा मी गाडी सिग्नलला उभी करून आरशात बघितलं. मला वाटलं तू बसलीयस.

कारण तुझं तेच होतं ना. पंचवटीतल्या त्या प्रसूतिगृहात तू एकटी शिकलेली. बाकीच्या मुली नववी-दहावी झालेल्या, पांढरा ड्रेस घालून आल्या की पेशंट त्यांनाही सिस्टरच म्हणायचे. त्यांना इंजेक्शन कसं धरायचं, टाके काढताना बाईला बोलतं कसं ठेवायचं, हे तू शिकवायचीस. त्या शिकल्या की दुसऱ्या दवाखान्यात थोड्या जास्त पैशांवर जायच्या आणि जाताना तुला पेढे द्यायच्या. तू म्हणायचीस, "माझ्या कॉलेजला फी नाही, पेढे चालतात." तुझा पगार त्यांच्यापेक्षा जेमतेम दोन-तीनशेनं जास्त. महागाई भत्ता नाही, पेन्शन नाही, माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी बाळंतपणाची रजासुद्धा बिनपगारी. दिवसभर दुसऱ्यांची बाळंतपणं करणाऱ्या बाईला! आणि तिकडे सिव्हिलला मावशीला दरवर्षी वाढ, राहायला क्वार्टर, पुढे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. ती आपल्याकडे आली की तुम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून शेंगा फोडत बोलायचात. तुला तिचा हेवा वाटतो असं मला एकदाही दिसलं नाही. मी शोधत होतो, तरी.

त्या प्रसूतिगृहाच्या भिंतीवर, डॉक्टरबाईंच्या टेबलाच्या वर, काचेच्या फ्रेममध्ये एक सर्टिफिकेट होतं. तपासणीला कुणी आलं की इथं नोंदणीवाली नर्स आहे, हे दाखवायला. मी पाचवीत असेन, शाळेतून थेट तिकडे यायचो आणि बाकावर बसून ते नाव वाचायचो. अक्षर-अक्षर जुळवून वाचायची खोड तेव्हा होती, पुढे गेली. एक दिवस मी तुला रागानं म्हणालो, "ही बाई कधीच ड्युटीला येत नाही आणि हिचं नाव मात्र भिंतीवर. काम सगळं तू करतेस." तू हातातला ट्रे खाली ठेवलास. मग इतकी हसायला लागलीस की डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्याही हसल्या. तू डोळे पुसत म्हणालीस, "अरे, ती इथंच असते. जरा लाजाळू आहे." मला घरी जाऊन अण्णांकडून कळलं की भिंतीवरची बाई म्हणजे तूच, लग्नाआधीची. तुझं नाव पूर्वी दुसरं होतं हेच मला माहीत नव्हतं. माहेरी सगळे तुला ताई म्हणायचे, आणि आपल्या घरात अण्णांनी ठेवलेलं नाव.

आणि मग ती सरकारी भरती. मी सातवीत होतो. मावशीच जाहिरात घेऊन आली, म्हणाली, "ह्या वर्षी भर, पुढच्या वर्षी वयात बसणार नाहीस." फॉर्म अण्णांनी भरला, कारण घरात अक्षर त्यांचं चांगलं. फुलबाजारात मळ्यातली फुलं विकून आले, हात धुतले, मांडीवर पाट घेतला आणि एकेक रकाना असा भरला जणू झेंडूची माळ ओवतायत. नावाच्या रकान्यात त्यांनी तांदळात लिहिलेलं नाव लिहिलं. त्यांच्या डोक्यात तुझं दुसरं नाव नव्हतंच, आणि तूही बघून सही केलीस, कारण एवढ्या वर्षांत तुलाही तेच नाव आपलं वाटत होतं. मुलाखतीत तू पहिल्या पाचात होतीस. कागद तपासायच्या दिवशी आपण तिघं गेलो. टेबलामागचा क्लार्क एकदा फॉर्म बघायचा, एकदा नोंदणी. "बाई, ह्या कोण?" "मीच." "कशावरून?" तू म्हणालीस, "आता मीच मी आहे हे सांगायला कुणाला आणू साहेब? नवरा हा उभा आहे, पोरगा हा. आणखी पाहिजे तर माझ्या हातानं जन्मलेली निम्मी पंचवटी बोलावते." मागच्या रांगेतल्या बायका हसल्या. क्लार्कसुद्धा हसला बिचारा. पण म्हणाला, "नाव बदलल्याचं गॅझेट आणा." लग्नाची नोंदणी आपल्यात कुणी केली होती? मुंबईहून गॅझेट यायला पाच महिने लागले. तोवर यादी भरली होती आणि तुझं वय पुढे गेलं होतं.

त्या दिवशी परत येताना अण्णा तुझ्या नोंदणीवरचं नाव पुन्हा पुन्हा वाचत होते. घरी आल्यावर तू चहा ठेवलास, त्यांना कप दिलास आणि म्हणालीस, "नाव छानच ठेवलं होतंत हो. कागद तेवढा मागं राहिला." एवढंच. मग दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीला. तुला खरंच वाईट वाटलं नाही का, हे मला विचारायचं होतं. पण रविवारच्या बाजारात एखादी बाई गर्दीतून पोरगं ओढत तुझ्यासमोर आणायची, "सिस्टर, वळखलं का? तुमच्या हातचं," आणि पिशवीत जुडीभर मेथी कोंबायची, तेव्हा तुझा चेहरा बघून विचारायचं राहून जायचं.

मी नववीत शाळा सोडून पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकिंगवर गेलो, तेव्हा मात्र तू आलीस. सकाळची ड्युटी करून, एसटीनं, पांढऱ्या साडीतच. फाटकातून तू आत येताना पाहून पॅकिंगच्या निम्म्या मुली, इंजेक्शनवाली आली म्हणून पेट्यांमागं पळाल्या. मला वाटलं तू कानाखाली देणार. तू एक घड उचललास, एक मणी खाल्लास आणि म्हणालीस, "काम कर. कामाला मी नाही म्हणत नाही. पण जे काम करशील त्याचं लायसन काढ. हाताला येतं म्हणून भागत नाही, येतं हे लिहिलेलं लागतं. आणि लिहिताना स्वतः बघ, दुसऱ्याला लिहू देऊ नको." तेव्हा तू थकलेली दिसत होतीस. त्याच्या पुढच्या वर्षी तू गेलीस. नंतर मी एका जागी टिकलोच नाही. टेम्पोवर क्लीनर, ओझरला कॅन्टीनमध्ये, येवल्याच्या कांद्याच्या चाळीवर, कुठे सहा महिने, कुठे तीन. पण जड वाहनाचं लायसन काढलं, आणि नाव अक्षर-अक्षर तपासून घेतलं. त्यावरच इथं आलो.

आता जे सांगतोय ते ऐकून तू हसशील की रागावशील मला माहीत नाही. आत्याची तीन नावं मला नको होती, कारण मी मनात चौथं ठरवलं होतं. तुझं भिंतीवरचं नाव. वाटलं, ते इतकी वर्षं रिकामं पडलंय, घरात कुणीतरी त्या नावानं हाक मारू दे. मी फार खुशीत तिला फोन केला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाव सुंदर आहे. पण माझी नोंदणी त्या नावाची नाही." मी म्हटलं, नुसतं घरात, कागदावर नाही. तर म्हणाली, "तुमच्या आईंचंही आधी घरातच बदललं होतं ना? काकूंनी, तुमच्या मावशीनं, सांगितलंय मला सगळं. आणि खरं सांगू का, मला तुमच्या आईंची आठवण म्हणून नाही यायचंय तुमच्याकडे. मी म्हणून यायचंय." मला राग आला. दोन दिवस फोन केला नाही. तुझं नाव नको म्हणणारी ही कोण, असं वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी बस धुताना लक्षात आलं की मी अगदी अण्णांसारखंच करायला निघालो होतो. तेही प्रेमानंच करत होते. तिला फोन लावला. म्हटलं, "तुझंच नाव लिहीन." ती म्हणाली, "लिहिताना चुकू नका, माझ्या नावात जोडाक्षर आहे." आता मी रोज एका ताटलीत तांदूळ घेऊन सराव करतो. खोलीतला केरळचा पोरगा विचारतो, पूजा आहे का.

काल अण्णांना फोनवर हे सांगितलं. ते मळ्यात होते, मागं पंपाचा आवाज येत होता. मग म्हणाले, "फारम मीच भरला व्हता, बाबा." मी म्हटलं, "अण्णा, ती कधी काही बोलली का त्यावरून?" "न्हाई. तेच तर." मग एकदम म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरीचं नाव पोरीला. तुझ्या आत्याला मी सांगतो. पगार किती मिळंल तिला?" मी म्हटलं, "माझ्यापेक्षा जास्त. जवळजवळ दीडपट." तर अण्णा हसले, किती वर्षांनी मोठ्यानं हसले. म्हणाले, "मंग तर तूच तुझं नाव बदल."

सगळं बरं चाललंय, आई. तिच्या हिशोबानं ती पाच वर्षांत इन्चार्ज होईल, मध्ये नर्सिंगची पुढची, पोस्ट बेसिक डिग्री करायचीय तिला, त्याची चौकशीसुद्धा करून ठेवलीय. मी म्हटलं माझं काय, तर म्हणाली, "तुम्ही दहावी बाहेरून द्या, मी शिकवते." हा कागद मी पोस्टात टाकणार नाही. बसच्या विम्याच्या पाकिटात राहील. फक्त एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तिच्या पगाराचं मी अण्णांना, आत्याला, खोलीतल्या सगळ्यांना हसत हसत सांगतो. पण बसमधल्या मुली मला 'ड्रायव्हर भैया' म्हणतात, आणि थोड्या महिन्यांनी याच बसमध्ये बसणारी नाशिकची नवीन सिस्टर माझी बायको असणार आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.