कानाला पोचलेला हात

जासई, ता. उरण
३ फेब्रुवारी १९८५

चि. धर्मराज यास,

पोपटचा सप्रेम जयभीम. चारुलतास आशीर्वाद आणि बाळाला गोड पापा. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. तुझं बारा जानेवारीचं पत्र परवा मिळालं. तू एप्रिलात अमेरिकेचा नागरिक होणार हे वाचून दाखवलं तेव्हा आईने विचारलं, "म्हंजे आतापावत तो कोन होता?"

आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. डाव्याचा मोतीबिंदू अजून पिकायचा आहे. तू लिहिल्याप्रमाणे तिला तिकडे पाठवण्यासाठी तिच्या पासपोर्टचा फॉर्म भरला. जन्मतारखेपाशी गाडी अडली. कारकुनाने विचारलं तर आई म्हणाली, ज्या साली मिठागरात पाणी शिरून सगळं मीठ वाहून गेलं त्या साली. कारकून म्हणाला, "आजी, असं चालत नाही," आणि त्याने १ जून १९२० लिहून टाकलं. शाळेत मास्तरांनी माझीही १ जूनच लिहिली होती. आता मायलेकरांचा वाढदिवस एकाच दिवशी. ह्या देशात अर्धी माणसं १ जूनला जन्मली असावीत.

एक गोष्ट मात्र खटकली. शपथ घेतली की आपला पासपोर्ट परत करावा लागतो आणि मग इकडे यायला व्हिसा काढावा लागतो, असं तू सहज लिहिलंयस, जणू एस.टी.चं तिकीट काढायचं आहे. आईला ते पटेना. "त्याला त्याचे गावान येवाला कागद लागतंय? कोनचं सरकार हाय ते?" मी म्हटलं, दोन्ही सरकारं आहेत. त्या दिवशी ती जेवली कमी.

बाबा गेले तेव्हाही कागदच होता. तुझं ग्रीन कार्ड अर्ध्यावर होतं, देश सोडला तर अर्ज बाद, म्हणून तू आला नाहीस. मी सगळ्यांना समजावलं की तिथला कायदा तसाच आहे. आजही कुणी विचारलं तर तेच सांगतो.

आणि शपथेच्या वेळी नावही बदलून मिळतं म्हणून तू 'राज ओव्हल' होणार, हे काय? ओव्हलवर क्रिकेट खेळतात. ओव्हाळ म्हणायला त्या लोकांची जीभ वळत नसेल तर वळवू दे.

तुझ्या वकिलाने विचारलंय की आपल्या दोघांच्या शाळेच्या दाखल्यांवर पाच महिन्यांचंच अंतर कसं. माझी १ जून १९४३, तुझी १ नोव्हेंबर १९४३. मास्तरांनी काय लिहिलं ते मास्तरांना ठाऊक, आणि ते कधीच वारले. मला ह्यातलं काही माहीत नाही.

तुझा मित्र श्यामसुंदर रविवारी वाशीहून येऊन गेला. मी ड्यूटीवर होतो. गावात जन्माची नोंद नाही म्हणून तुझ्या जन्माबद्दल आईचं आणि आणखी एका नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र लागतं, असं त्याने तुझ्या वहिनीला, गोजराला सांगितलं. आईचा अंगठा घेऊन तिचा कागद तो घेऊन गेला आणि त्याची नक्कल ठेवून गेला. माझ्या सहीचाही कागद ठेवलाय. सगळं इंग्रजीत आहे. माझं इंग्रजी सातवीपर्यंतचं, म्हणून उद्या कंपनीत स्मिताबाई टायपिस्टकडून वाचून घेतो आणि सही करून पाठवतो. काळजी करू नकोस.

तुझा,
पोपटदादा

*

जासई
१९ फेब्रुवारी १९८५

धर्मा,

आज नमस्कार-चमत्कार काही नाही.

स्मिताबाईंनी कागद वाचला. वाचता वाचता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "पोपटराव, हा कागद तुमच्या घरचाच आहे ना?" मी म्हटलं, वाचा. त्यांनी वाचलं. आईच्या कागदात लिहिलंय की मी बायजाबाई मारोती ओव्हाळ, मला धर्मराज हा एकुलता एक मुलगा, दुसरं अपत्य नाही. माझ्या कागदात लिहिलंय की मी पोपट मारोती ओव्हाळ, धर्मराजचा कझिन, त्याच घरात वाढलो आणि त्याची जन्मतारीख मला घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ठाऊक आहे.

कझिन म्हणजे कोण, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, चुलत, मावस, मामे, आते, काहीही. एवढ्या मोठ्या देशाच्या भाषेत चार नात्यांना मिळून एक शब्द, आणि त्यात तू मला कोंबलंस.

बाईंना वाटलं टायपिंगची चूक असेल. मी हो म्हटलं. स्टोअरमध्ये जाऊन गोण्यांच्या मागे बसलो. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, तिथे बसून रडलो, हे तुला मुद्दाम कळवतो.

श्यामसुंदरने ठेवलेल्या पाकिटात कागदाखाली तुझं वेगळं पत्र निघालं, ते मग वाचलं. "दादा, रागावू नकोस, नुसता कागद आहे. एका आईला पाच महिन्यांत दोन मुलगे होत नाहीत, तेव्हा एकाचा दाखला खोटा ठरतो. माझी तारीख पासपोर्टवर, डिग्रीवर, ग्रीन कार्डवर सगळीकडे आहे, ती आता बदलली तर नागरिकत्वच धोक्यात येईल. वकील म्हणतो, भाऊ दाखवूच नका." नुसता कागद! अरे, तुझं सगळं आयुष्य नुसत्या कागदावर उभं आहे, आणि माझ्या वेळेला तो नुसता कागद झाला?

आता तू इंजिनिअर आहेस म्हणून एक साधी गोष्ट विचारतो. माझ्या नावाच्या मध्ये कोण आहे? मारोती. तुझ्या नावाच्या मध्ये कोण आहे? मारोती. तुझ्या वकिलाला ठाऊक नसेल की आपल्याकडे नावाच्या मध्ये बाप बसतो, पण तुला तर ठाऊक होतं. बाप एकच, आणि मी ह्या आईचा नाही. मग मी कुणाचा? तुझा कागद आपल्या गावातल्या कुठल्याही माणसाने वाचला तर तो काय समजेल? बाबांनी दुसरी बाई ठेवली होती, हेच ना? ज्या माणसाने उभ्या जन्मात मिठागर आणि घर सोडून तिसरी जागा पाहिली नाही, त्याला मरणानंतर सात वर्षांनी तू हे चिकटवलंस, आणि त्यावर त्याच्याच बायकोचा अंगठा घेतलास. 'डी. एम.' लिहून लिहून 'एम' म्हणजे कोण हे तू विसरलास.

आईला कागदात काय आहे ते कुणी सांगितलं नाही. श्यामसुंदर म्हणाला, धर्माच्या जन्माचा कागद आहे, आणि तिने हसत हसत अंगठा दिला. गोजराला म्हणाली म्हणे, त्याचे जल्माला मीच साक्षीदार, दुसरी कोन असनार.

गेल्या पत्रात मी लिहिलं की मला काही माहीत नाही. ते खोटं होतं. मला सगळं माहीत आहे, आणि आता तूही ऐक.

तू १९४५ च्या दिवाळीत जन्मलास. जून पन्नास साली तू साडेचार वर्षांचा होतास. बाबा आणि आई दोघं मिठागरावर. तुला बरोबर न्यायचं तर पायांना भेगा पडून तू रडायचास, आणि घरी सांभाळायला मी, म्हणजे माझी शाळा बंद. मी नऊ वर्षांचा होतो. मी ठरवलं की तुलाच शाळेत घालायचं. सहा वर्षं पूर्ण लागत. दाखला कुणाकडेच नसे, म्हणून मास्तर एक परीक्षा घेत. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. हात कानाला पोचला तर पोर सहा वर्षांचं.

तुझा हात कुठे पोचायला? बोटं टाळूपर्यंत यायची. मी तुला महिनाभर ओट्यावर उभं करून शिकवलं. मान हळूच उजवीकडे वाकडी करायची, म्हणजे डावा कान वर येतो. मास्तर बघत असताना मी तुझ्या मागे उभा होतो आणि तुझ्या मानेला बोट लावून ढकलत होतो. "मान वाकडी कर, धर्मा, मान वाकडी कर." तुझं बोट कानाला लागलं. मास्तरांनी विचारलं, "जन्म कधीचा रे ह्याचा?" मी म्हटलं, "दिवाळीचा, सहा पूर्ण होऊन सातवं लागलंय." त्यांनी मागचा हिशेब करून १ नोव्हेंबर १९४३ लिहिलं. माझी स्वतःची १ जून ४३ त्यांनी आधीच लिहून ठेवली होती, ती मला आठवली नाही. नऊ वर्षांच्या पोराला अमेरिकेच्या वकिलाची अक्कल कुठून असणार?

तर तुझ्या पासपोर्टवरची तारीख मी दिलेली आहे. तुझी दोन वर्षं वाचली ती माझ्या खोटेपणामुळे. त्याच तारखेने तू मला घराबाहेर काढलंस.

आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. सही केलेली नाही.

पोपट

*

जासई
११ मार्च १९८५

धर्मराज,

तुझी तार आली. "सही पाठव, सुनावणी सव्वीस मार्च, आईचं येणं त्यावर अवलंबून." तार इंग्रजीत, ती वाचायला गावातला एक माणूस आला होता, त्याने ती मराठीत करून मोठ्याने वाचली, आणि आईने ऐकली. मग तिने विचारलं की मी सही का केली नाही. मला सांगावं लागलं.

मी सगळं सांगितलं. आधी तिला समजलं नाही. मग तिने दोनदा विचारलं, "तुझा नाव न्हाई त्यात?" मी म्हटलं, नाव आहे, पण तुझा मुलगा म्हणून नाही. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं आणि उजव्या हाताचा अंगठा उलटसुलट करून बघत बसली. शाई केव्हाच गेली होती. मग म्हणाली, "दिलेला आंगठा परत घेता येतो का रं?"

मी तिला खरं ते सांगितलं. परत घेता येतो, पण मग त्या सरकारपुढे धर्माची आई खोटं बोलली असं होतं, आणि तो अडकतो. मी सही केली तर तिचा कागद खरा ठरतो. नाही केली तर त्याचं काम अडतं, आणि सख्खा भाऊ म्हणून केली तर दोन्ही कागद एकमेकांच्या उरावर बसतात.

ती म्हणाली, "मना दोन पोरं हायती. त्या सायबाला सांग, मना दोन हायती." थोड्या वेळाने म्हणाली, "पन धरमाचा काम नको मोडू. नातवाला बघायचा हाय, डोला हाय तवर." दोन्ही वाक्यं एकाच तोंडची. आता ह्यातलं मी कुठलं ऐकू? तू तिला ह्या अडचणीत घातलंस ह्याबद्दल मी तुला माफ करणार नाही, निदान ह्या साली तरी नाही.

मी आठ दिवस विचार केला. ड्यूटीवर चुका केल्या, गोजरावर ओरडलो. शपथेवर सांगायचं की मी बायजाबाईचा नाही, हे माझ्याने होणार नाही. आणि सख्खा म्हणून सही करून तुझा बारा वर्षांचा खटाटोप एका रेघेत बुडवायचा, तेही होत नाही. तुझ्या मानेला लावलेलं बोट अजून माझ्याच हाताला आहे. मूळ खोटं माझं, हे मला कळतं. पण ते खोटं तुला आत घेण्यासाठी होतं, कुणाला बाहेर काढण्यासाठी नव्हतं, एवढा फरक तू लक्षात ठेव.

म्हणून स्मिताबाईंकडून कागद पुन्हा टाइप करून घेतला. तू पाठवलेला मजकूर शब्दाला शब्द तसाच आहे. फक्त जिथे 'कझिन' होतं तिथे जागा सोडायला सांगितली. बाई म्हणाल्या, रिकाम्या जागेवर सही करू नये, पोपटराव. मी म्हटलं, करतो. खाली सही केली आहे, पूर्ण नावाने, बापासकट. तालुक्याच्या वकिलाने शिक्का मारायला कुरकुर केली, पण मारला.

कागद ह्या पाकिटात आहे. त्या जागेत काय लिहायचं ते तू तुझ्या हाताने लिही. 'कझिन' लिहिलंस तर कुणी काही म्हणणार नाही, मीही नाही. तुझं काम होईल आणि मी आईला सांताक्रूझला विमानात बसवून येईन. 'ब्रदर' लिहिलंस तर पुढे काय ते तुझा वकील जाणे. काय लिहिलंस ते मला कळवू नकोस. आई तिकडे येईल किंवा येणार नाही, त्यावरून मला समजेल.

पूर्वी तुझा हात पोचत नव्हता म्हणून मी मान वाकवून दिली. आता पोचतो तुझा हात. मान कुठे वाकवायची हेही तुझं तू बघ.

आईचा जयभीम. तिने बाळासाठी तांदळाच्या पिठाचे लाडू करून ठेवलेत, ते श्यामसुंदरकडे द्यायचे की स्वतः आणायचे, असं रोज विचारते.

तुझा
..............................
(ही जागाही तूच भर)

पोपट मारोती ओव्हाळ