हवेत थांबलेली लिफ्ट

ती. मामांस,

नमस्कार. तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का? (सारी नोकरी लिफ्टमध्ये केलेल्या माणसाचे गुडघे झिजतात कसे, हा मामींचा प्रश्न मलाही सुटलेला नाही.) आम्ही सगळे बरे आहोत, फक्त ड्रोन बरा नाही.

तुम्हीच मला लिफ्टच्या कंपनीत चिकटवलंत आणि पहिल्याच दिवशी शिकवलंत की शंका आली की लिफ्टने आहे तिथेच थांबायचं, मोटर बंद, ब्रेक चालू. ते माझ्या अंगात इतकं भिनलं, की धाकट्या बहिणीबरोबर औषधं पोचवणाऱ्या ड्रोनची कंपनी काढली तेव्हा सुरक्षेचे नियम मी डोळे मिटून लिहिले. ('डोळे मिटून' हे शब्द आता घरात कुणी उच्चारत नाही.) पैसे गुंतवणाऱ्या बाईंनीही माझा अनुभव बघूनच होकार दिला होता. मंगळवारी हॉस्पिटलच्या गच्चीवर त्यांच्यासमोर ड्रोन झोकात उडाला, वाऱ्याने जरा डुलला, त्याला शंका आली आणि त्याने माझ्या नियमाप्रमाणे मोटर बंद केली. हवेत ब्रेक नसतो, मामा. तो खाली वाळत घातलेल्या चादरींत पडला, म्हणून कुणाला लागलं नाही. बाईंनी कठड्यावरून वाकून चादरींकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "अनुभव नेमका कशाचा म्हणालात?"

तेव्हापासून माझं डोकं चालेनासं झालंय. धाकटीचा अनुभव कुरिअरचा. तिच्यामुळे पत्ता कधी चुकला नाही. पण तिच्या नियमाने सही मिळेपर्यंत ड्रोन औषधाचा डबा सोडत नाही, परवा एक आजोबा डब्याला लोंबकळत होते. मग अनुभव असावा की नसावा? की अर्धा विसरावा, आणि कुठला अर्धा, हे आधी कसं कळावं? बाईंनी सोमवारी पुन्हा बोलावलंय. या खेपेला पडला तर कंपनी बंद.

तुमचा भाचा

ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठी, की धाकटीला न कळवता लिफ्टच्या कंपनीतल्या जुन्या साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकाल का?

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच साहेबांचाच फोन आला. त्यांनीही ड्रोनचा विभाग काढलाय, अनुभवी माणूस हवाय. पडलेला ड्रोन अनुभवात धरतात का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

ता. क. ३. टेबलावरचं पत्र धाकटीने वाचलं. रागावली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, "दादा, तो पडतो कसा हे आता आपल्यात तुलाच सगळ्यात चांगलं माहीत आहे. जाऊ नकोस." तेव्हा शब्द टाकू नका. ड्रोनसाठी नवा नियम लिहिलाय: शंका आली तरी पंखे चालू ठेवून हळूहळू खाली उतरायचं. मला स्वतःला अजून शंका आहेच. मी मात्र आहे तिथेच थांबतोय.