अठरा फुटांपर्यंत काळा गाळ

अप्पा, मागच्या महिन्यात तुमची सही असलेला एक जुना अहवाल माझ्या हाती आला. सर्जापूर रोडवरच्या एका सोसायटीच्या तळघरात पाणी शिरतंय, दोन इमारतींच्या खांबांना तडे गेलेत, म्हणून जमिनीखाली काय आहे ते तपासायला मला बोलावलं होतं. तिथल्या सेक्रेटरींनी जुन्या कागदांचा गठ्ठा न उघडताच माझ्याकडे दिला. त्यात तुमचा अहवाल: आठ फुटांखाली कठीण दगड, जागा बांधकामाला योग्य. मी बोअर घेतलं, तर अठरा फुटांपर्यंत नुसता काळा, चिकट गाळ वर आला. म्हणजे तिथे कधीकाळी तळं होतं. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळलं असतं, आणि तुम्ही तर उभा जन्म जमिनीखालचं पाणी शोधण्यात घालवलेला. तुम्ही तिथे गेलाच नव्हता, की जाऊन डोळे मिटून घेतलेत?

इंदिरानगरच्या घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर तुम्ही दगडांचे नमुने पसरून बसायचात. आई कुरकुरत पोळ्या लाटते आहे, मी नमुन्यांच्या चिठ्ठ्या लिहिते आहे. भूकंप मोजणारे वेगळे, खनिजं शोधणारे वेगळे, आपण पाणीवाले, असं तुम्ही सांगायचात. एकदा मी एका दगडाचं नाव अंदाजानं लिहिलं, तर तुम्ही चिठ्ठी फाडलीत. "न पाहिलेलं लिहायचं नाही," म्हणालात. मी तेव्हा आठ वर्षांची होते. अजून ते पाळते. पाहिलेलं न लिहिण्याबद्दल मात्र तुम्ही कधी काही बोलला नाहीत.

मग मी होसकोट्याला गेले. तुमच्या बोअरच्या गाडीवरचे बेळगावकडचे अण्णा आता तिथे लेकीकडे असतात. त्यांनी कॉफी दिली, बराच वेळ स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलले. त्या जागेचा विषय काढल्यावर कप खाली ठेवला.

"अक्का, साहेबांनी गाळ हातात घेऊन बघितला की. वहीत लिहिला पण, माझ्यासमोर."

"मग अहवालात का नाही?"

"त्याच आठवड्यात त्यांच्या बदलीचा कागद आला होता," ते म्हणाले. "मग आला तसा रद्द झाला. मी आणि काय सांगू?"

तो आठवडा मला आठवतो. मी दहावीत होते, घरातलं सामान बांधून झालं होतं आणि शाळा सुटणार म्हणून मी जेवत नव्हते. एका संध्याकाळी तुम्ही येऊन "आता कुठे जायचं नाही" एवढंच म्हणालात आणि माझ्या हातात दगड पाहायचं भिंग ठेवलंत. त्यातून मी साखर पाहिली, मुंग्या पाहिल्या, स्वतःची नखं पाहिली. तुमच्या चेहऱ्याकडे काही पाहिलं नाही.

तुम्ही गेल्यापासून तुमच्या वह्या आईकडे आहेत. त्या वर्षीची काढली. तुमच्या अक्षरात स्पष्ट लिहिलंय: अठरा फूट, काळा गाळ. बदली कशी रद्द झाली, असं मी आईला विचारलं. "तेव्हा कोण विचारत बसलं," असं म्हणून ती अवरेकाईच्या शेंगा सोलत राहिली. तिला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

माझा अहवाल मी दिला. गाळ लिहिला, दोन्ही इमारती रिकाम्या करायला सांगितलं. लोक सामान हलवताहेत आणि मला बोल लावताहेत. 'आधीची तपासणी' या रकान्यात मात्र मी 'उपलब्ध नाही' असं लिहिलं. सेक्रेटरींना गठ्ठा परत केला तेव्हा तुमची पानं त्यात नव्हती. ती माझ्या कपाटात आहेत, आणि हे पत्रही तिथेच ठेवणार आहे.