धुतलेली बाटली

बुधवार, संध्याकाळ

प्रयोगशाळेचा कागद पुन्हा तसाच आला: गावचं पाणी पिण्यास योग्य. आणि खालच्या गल्लीत चार घरांत जुलाब. आशाताई म्हणून ओआरएसच्या पुड्या वाटत मीच फिरतेय, मला कसा खरा वाटेल तो कागद? तपासणीसाठी नळाचं पाणी बाटलीत भरून पाठवतात आमचे जलसुरक्षक तात्या. संशय त्यांच्यावरच. घरच्या बोअरचं पाणी भरत असतील का? ती बाटली डोक्यातून जाईना.

म्हणून आज मुद्दाम नळापाशी जाऊन उभी राहिले. तात्यांनी पाणी नळाचंच भरलं. पण आधी बाटली टीसीएल पावडरच्या, म्हणजे पाण्यातले जंतू मारायच्या औषधाच्या बादलीत खळबळून घेतली.

“हे काय, तात्या?”

“दर खेपेला धुतोय की. घाण बाटली कशी पाठवायची?”

म्हणजे बाटलीला राहिलेल्या औषधानंच जंतू मरत असणार. मग कागदावर कुठून दिसतील? मी चिडून बोलणार, तेवढ्यात तेच म्हणाले, “ताई, पहिल्या खेपेला तुम्हीच सांगितलंतं की, बाटली टीसीएलनं धुवा म्हणून.”

सांगितलं होतं. आणखी कुणाकुणाला काय सांगून बसलेय मी?