तुझ्या लेकीनं एक शब्द गाळला नाही

माझ्या विसरभोळ्या लेका,

चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा तू, आईला लिहिता येत नाही हेही विसरलास आणि "पत्र लिही" म्हणालास. म्हणून मी सांगतेय, तुझी लेक लिहितेय.

शाळा सुटल्यावर ही मैत्रिणींबरोबर गच्चीवर गांजा ओढायची. पोहणं सुटलं, डोळे लाल, काही विचारलं की अंगावर यायची. मी ओरडले नाही. मटार सोलत नुसती शेजारी बसले. मग हीच बोलायला लागली. आधी गंमत होती, मग त्याशिवाय झोप येईना. डॉक्टरीणबाईंकडे आपल्या पायांनी गेली. मध्ये एकदा पुन्हा ओढला, तेही आपण होऊन सांगितलं.

इथवर परवा लिहून झालं. मला कुठं वाचता येतं, हिनं काहीही गाळलं असतं. म्हणून डॉक्टरीणबाईंकडून वाचून घेतलं. सगळं जसंच्या तसं, "पुन्हा ओढला" हेसुद्धा. आता हे लिहिताना ही हसतेय बघ. लेका, तू वर्गात पहिला आलास तेव्हाही माझी मान इतकी ताठ नव्हती.

पत्र मात्र पाठवत नाही. ही म्हणाली, "आजी, बाबांना मीच फोनवर सांगते." मी शेजारीच बसणार आहे. तुझा आवाज चढला तर पोर पुन्हा मिटेल, म्हणून त्याआधीच फोन माझ्या हातात येईल. नीट ऐकलंस, तर शेवटी एवढंच सांगेन: खजूर पाठव, बिनबियांचे, दोघींना पुरतील इतके. हिला परत वेळेवर भूक लागायला लागलीय.

तुझी अंगठाबहाद्दर आई