आभाळी कापडाचा तागा

वसमत, शुक्रवार

साक्षीच्या आजोबांना गयाचा वसमतीहून जयभीम.

मी मजेत हाय, गुडघा बी कमी ठणकतो. नातीचं शिलाईचं दुकान पाहून लई आनंद झाला. दोन मशिनी, दारावर तिच्या नावाची पाटी! शेळीला येळेवर पाणी पाजता ना?

पण डोकं उठलंय बघा. शाळा भरायला आठ दिवस राहिले, अन् औंदा गणवेशाचा रंग बदलणार म्हणतात. कोणता, ते कोणालाच ठाव न्हाई. हेडमास्तर म्हणतो, "कागद यिऊ द्या." कापडवाला म्हणतो, "थांबाल तर माल संपंल." काल हेडमास्तरची बायकोच नातवाला मापासाठी घिऊन आली. म्या इचारलं, "बाई, रंग कोणता?" तर मलाच म्हणती, "तुमीच सांगा की!"

अशानं पोरीनं धंदा करावा तरी कसा? जास्त लोकं आभाळी म्हणले, म्हणून साक्षीनं आज साठवलेल्या समद्या पैशांचं आभाळी कापड आणलं. "आजी, कागदाची वाट पाहत बसले तर शिवू कवा?" बराबर हाय तिचं.

तुमी गळ्याचं अन् छातीचं माप सुतळीनं घिऊन धाडा. रंग चुकला तर गावातल्या समद्या म्हाताऱ्यांना आभाळी सदरे घालावे लागतील, अन् पहिला तुमाला.

तुमची,
गया