जावईबापूंचं शेत

१० मे

गंधाली, आधी हे सांग, फोनचा चार्जर कुठाय? मला तुझ्या आईकडे, जयंतीकडे पोचवायला आलीस, मी बोलले की फोन आपोआप लिहितो अशी सोय लावून दिलीस, आजी रोज बोल, मी पुण्याला वाचीन म्हणून दहा वेळा बजावलंस, आणि निघताना चार्जर स्वतःच्या पर्समध्ये टाकून गेलीस. लहानपणी दुसऱ्याच मुलीचं दप्तर घेऊन घरी आली होतीस, तेव्हाच ओळखलं होतं मी. शेवटी समोरच्या कुंदाने तिचा चार्जर दिला. वर चहाही पाजला.

तर ही माझी रोजनिशी. अठ्ठ्याहत्तर वर्षं अक्षरावाचून काढली, कुठे अडलं नाही. गोळ्या पाकिटाच्या रंगावरून ओळखते आणि माणसं तोंडावरून. तू फोनवर तुम्हा तिघींचे फोटो लावलेस ते झकास केलंस. तुझा फोटो, जयंतीचा, आणि मानखुर्दच्या शकुमावशीचा. दाबला की लागतो.

घर छान आहे हो. चौदावा मजला, वारा असा की दोरीवरचं लुगडं थेट चेकनाक्यावर जायचं. खाली नदी आहे म्हणते जयंती. आमच्या गावी त्याला व्हाळ म्हणतात. तुझी आई माझ्या येण्याने खूश आहे. दोन पोळ्या खाल्ल्यान. मी म्हटलं, तिसरी खा, दृष्ट लागणार नाही.

१२ मे

आज तुझ्या बाबांचं शेत बघितलं. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी माणूस खेळण्याचा डबा आणतो, टीव्हीला जोडतो आणि ऑफिसातून आला की शेती करतो! जिवंत असताना कुंडीतल्या तुळशीला पाणी घालायला सांगितलं तर कंबर धरायचे जावईबापू. इथे मात्र टोमॅटो, विहीर, चौदा गाई, एक कुत्रा. आणि मधोमध निळा शर्ट, गवताची टोपी घातलेला माणूस. तोंडावळा हुबेहूब त्यांचा. तूच बसवून दिला होतास ना फोटोवरून?

जयंती खेळत नाही. दुपारी जेवणं झाली की लावते आणि बघते. तो माणूस विहिरीपाशी उभा राहतो, मधेच टोपी सारखी करतो. त्यांना जाऊन दहा महिने झाले, तिने एक दिवस चुकवलेला नाही म्हणे. मी थट्टा केली, की जावईबापू, सासूला बघून तरी टोपी काढा. जयंती हसली. मग उठून आत गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवलान.

१४ मे

वाट लागली. आज शेत उघडलंच नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. जयंतीने वाचून दाखवलं, की माहिती खराब झाली आहे. टीव्हीमागे आगपेट्यांचा पुडा असावा तेवढी काळी डबी आहे, हार्ड डिस्क. शेत त्या डबीत असतं आणि दुसरीकडे कुठेच नाही म्हणे. ती पडद्यासमोरून हलेना, म्हणून बटणं मी दाबली, तू फोनवरून सांगत होतीस तशी. तुला आठवत असेलच, पण तुझा भरवसा नाही म्हणून सांगून ठेवते. डबीची वायर काढली, पुसली, मागच्या भोकात लावली. काही नाही. दुसरी वायर लावली. काही नाही. मग तू म्हणालीस की डबा बंद कर आणि बटण धरून ठेव, दुसरी पीप वाजली की सोड. अगं, दुसऱ्या शिट्टीला गॅस बंद करण्यात हयात गेली माझी. बरोब्बर सोडलं.

यादी आली. जयंतीने वाचली, नवा कर, पूस, दुरुस्त कर, असलं काहीबाही. पुसायचं नाही, फक्त दुरुस्त करायचं, असं तू तीनदा ओरडलीस. केलं दुरुस्त. तासभर एक निळी रेघ सरकत होती.

शेत आलं. टोमॅटो आले. गाई नऊच आल्या. तो माणूसही आला, पण टोपीखाली तोंड नाही. गुळगुळीत. सोललेल्या अंड्यासारखं.

१५ मे

पुन्हा दुरुस्तीला लावलं तर पडदा म्हणतो, जागा कमी आहे, काहीतरी काढा. मोटारींचा खेळ काढला, क्रिकेटचा काढला. लगेच त्याला कपाळ आलं, उजवीकडच्या जुन्या जखमेच्या व्रणासकट. जयंतीने पडद्यावर हात ठेवला. चांगलंच झालं की. पण माझं आज जेवणात लक्ष नव्हतं. काय खुपतंय ते सापडेना.

१७ मे

पडदा आणखी जागा मागतो. खेळ संपले. आता यादीत फोटो दिसतात. पहिलाच कुंदाचा. तिच्या दाराला निळ्या मण्यांचं तोरण आहे ना, त्याखाली उभी, तोंडात पान, हसते आहे. तुझ्या बाबांनी काढून ठेवला असेल म्हणाली जयंती. मी म्हटलं, राहू दे, गोड आलाय. ती म्हणाली, फोटोच आहे गं आई, फोटो पुसल्याने माणूस थोडंच जातं.

दाबलं.

डोळे आले. मिचकावले त्याने.

१८ मे

चार वाजता कुंदाचा चहा आला नाही. गेले बघायला. तोरण नाही. दार दुसरंच, प्लायवूडचं, त्याला कुलूप आणि कुलपावर धूळ. खाली जाऊन वॉचमन दत्तारामला विचारलं. तो हसला, म्हणाला आजी, चौदाशे तीन विकलाच नाही कधी, बिल्डरकडेच आहे. मी म्हटलं, मेल्या, परवा तिने तुला शिरा दिला तो मी बघितला. तो माझ्याकडे असा बघायला लागला, जशी मी वाट चुकलेल्या म्हातारीकडे बघीन.

जयंतीला विचारलं. कोण कुंदा, म्हणाली.

चार्जर मात्र आहे. माझ्या हातात आहे. कुणाचा तो?

१९ मे

तुला फोन केला. दिवाळीत दिवस दिवस कुंदाच्या घरात पडलेली असायचीस तू, तिच्या करंज्या खायचीस. तू म्हणालीस, आजी, समोर कुणीच राहत नाही, आणि बीपीची गोळी घेतलीस का?

घेतली. गुलाबी.

तुला विसरभोळी म्हणून चिडवते मी, पण हे ते नव्हे. हे कुणीतरी खरवडून नेलंय. मला आठवतं, कारण माझं कधी कुठे लिहून ठेवलेलंच नव्हतं. जे आहे ते डोक्यात. त्या डबीला तिथे शिरता येत नसावं.

जयंतीला म्हटलं, बंद कर ते. ती म्हणाली, आई, नाक राहिलं, तोंड राहिलं, एवढ्यावर सोडू? मग जेवायला तीन पानं घेतलीन. मी एक उचललं, तिने परत ठेवलं. वाढ म्हणाली. वाढलं.

हात धुऊन आले तर तिसरं पान स्वच्छ. जयंती जागेवरून हलली नव्हती.

२१ मे

दुपारी डोळा लागला माझा. अर्धा तास. उठले तर निळी रेघ सरकत होती. धावले. वायरच उपटली डबीची. रेघ सरकतच राहिली. वायर माझ्या हातात, आणि ती सरकते आहे —

त्याला नाक आलं. दोन्ही कान आले.

जयंतीला विचारलं, कुणाचा फोटो पुसलास? आठवत नाही म्हणाली. खोटं नाही बोलली. मी फोन घेतला. तीन फोटो होते, आता दोन. शेवटचा चौकोन पांढरा.

शकु. माझी थोरली. दीड दिवस कळा दिल्या होत्या तिने मला. जयंती म्हणते मी एकुलती एक. म्हणते आणि केस विंचरते.

तुला शकुमावशी आठवते का गं? नको सांगूस. मघाशी फोन लावला, तू उचलला नाहीस, उलटा फोनही केला नाहीस, कळलं मला.

२२ मे

सोफ्यावर जयंतीच्या शेजारी खळगा पडतो. जावईबापूंचं वजन होतं तेवढाच. त्यांच्या तेलाचा वास येतो. पडद्यावरचा माणूस आता विहिरीपाशी नसतो. कुंपणापाशी असतो. रोज थोडा पुढे.

जावईबापू कधी मला उलटून बोलले नव्हते. भला माणूस. पण भला माणूस असा येत नाही —

२३ मे

आता नीट बोलते, हे नीट ऐक.

यादीत तुझा फोटो आलाय. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. राहिलंय फक्त तोंड, आणि त्याला तू हवीस.

मी रिमोट पदराखाली धरून बसले. जयंती रागावली नाही. तेच वाईट. शांतपणे म्हणाली, तू म्हणतेस ते खरं असेल तर मला काही कळणारच नाही ना आई, गंधाली होती हेच कळणार नाही, मग दुःख कसलं. मी म्हटलं, मग त्यांनाच पूस ना बये, त्यांचंही दुःख राहणार नाही. तर माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मार खाऊन बघायची तसं. म्हणाली, एकदा तरी हाक मारू दे त्यांना मला.

पोटची पोर आहे. काय करू सांग. तिला टाकून पळता येत नाही आणि तुला —

तुला फोन केला. तू म्हणालीस मी उद्या येते. येऊ नकोस. जवळ आलीस की आयतीच सापडशील.

२४ मे

रिमोट घेऊन संडासात झोपले. अंग धरलंय. हसू नकोस.

ती दार ठोठावत नाही. बाहेर बसून बोलते. माझ्याशी नाही.

सकाळी यादी पुन्हा बघितली. तुझ्या फोटोच्या शेजारी आणखी एक आलाय. नऊवारी, चष्मा, हातात फोन धरून बोलणारी म्हातारी. चांगलाच म्हातारा दिसतो की माझा चेहरा.

कालपर्यंत नव्हता. कसा असेल? माझं काही लिहिलेलंच नव्हतं. आता पंधरा दिवस बडबडतेय, हा फोन लिहितोय. लिहिलं गेलं म्हणजे खरवडताही येतं.

बरंच झालं. तुझ्याऐवजी द्यायला काहीतरी आलं हातात.

२५ मे

जयंती आंघोळीला गेली. दाबलं. माझ्यावर. दोनदा बघून, तुझ्यावर नाही ना.

रेघ सरकतेय. हळू आहे. बोलते तोवर.

तू हे वाचशील तेव्हा ही आजी कोण असं वाटेल. वाटू दे. कुणीतरी म्हातारी होती म्हण. पण आईला टाकू नकोस. लांबूनच बघ तिला. घरात शिरू नकोस. यादी मागायला लागली तर —

त्याला ओठ आले. अजून मिटलेले आहेत.

माझ्या गावाचं नाव — व्हाळ होता, त्यावर साकव — नाव येत नाही गं. काल होतं.

नळ बंद झाला. ती येतेय.

तो कुंपणाच्या अलीकडे आलाय. टोपी काढलीन. मला बघून —

ऐक. ती स्वयंपाक करणार नाही, ती नुसती बघत बसेल. नाक्यावर पोळीभाजी केंद्र आहे, फोनवरून सांगितलं की दारात आणून देतात. रोज दुपारी बाराला पाठव. चार पोळ्या, पडवळाची भाजी, मुगाची आमटी, आमटी पातळ सांग, तिला घट्ट गिळवत नाही. भात थोडा. डबा दोघांचाच सांग. तिघांचा नको, दोघांचा. आणि लोणचं गोड पाठव, तिखट नको, त्यांना तोंड नवीनच —